चेहरा पळण्याने नाही, उन्हाने ओढतो

सीमाभागातल्या आपल्या घरांत एकच वाक्य दोन भाषांत ऐकू येते. एका खोलीतून "किती गं तोंड सुकलंय तुझं!" आणि दुसऱ्या खोलीतून "मारी बाडेद नोडु!" पहाटे पळायला जाणाऱ्या बाईच्या किंवा मुलीच्या वाट्याला हे हमखास येते. पुरुष पळून आला की तो तब्येत कमावतो. बाई पळून आली की तिचे गाल बसलेले दिसतात, रंग उतरलेला दिसतो आणि वय चार वर्षांनी वाढलेले दिसते.

माझे माहेर बेळगावचे आणि घर गुजरातेत, वडोदऱ्याजवळच्या नंदेसरीत. गेली बारा वर्षे मी लांब पल्ल्याचे पळते. मध्यंतरी वहिनींचा फोन आला. त्या धारवाडच्या. भाची क्रॉस कंट्रीच्या तयारीसाठी रोज आठ-दहा किलोमीटर पळते, आणि दिवाळीनंतर तिला बघायला पाहुणे यायचे होते. वहिनी म्हणाल्या, "वन्सं, पळणं बंद करायला तुम्हीच सांगा तिला. तुमचं ऐकेल. चेहरा बघवत नाही हो." हा प्रश्न एकाच घरातला नाही. म्हणून या विषयावर जे वाचले, विचारले आणि रोजच्या पळण्यात पाहिले, ते इथे मांडते आहे.

हिसक्यांनी गाल लोंबतात का?

पळताना पावलागणिक शरीराला हिसका बसतो आणि त्यामुळे गालांची कातडी सैल पडते, असा एक समज आहे. त्याला शास्त्राचा आधार सापडलेला नाही. त्वचेचा ताठपणा कोलॅजेन आणि इलॅस्टिन नावाच्या प्रथिनांच्या धाग्यांवर अवलंबून असतो. हे धागे झिजतात ते मुख्यतः वयाने, उन्हाने आणि धुराने. तंबाखूचा धूरही त्यातच आला.

गाल बसतात हे मात्र खरे, पण त्याचे कारण वेगळे आहे. गालांच्या त्वचेखाली चरबीच्या छोट्या गाद्या असतात, त्यांच्यामुळे चेहरा भरलेला दिसतो. नियमित पळणाऱ्याची अंगावरची चरबी कमी होते. ती पोटावरची तेवढी जावी आणि गालांवरची राहावी, असे शरीराला सांगता येत नाही. विशीत कातडी लवचीक असते, त्यामुळे चेहरा फक्त रेखीव दिसतो. चाळिशीनंतर तीच कातडी पटकन आवळत नाही, म्हणून घडी दिसते. महिन्या-दोन महिन्यांत झपाट्याने वजन उतरवले, तर हा फरक जास्त डोळ्यांत भरतो. त्यामुळे वजन हळूहळू उतरू द्यावे आणि पळणाऱ्याने पोटभर खावे. भाकरीबरोबर उसळ, अंडे, दही, शेंगदाणे असावेत. जोळद रोट्टी आणि काळ पल्ल्या यांचे जेवण पळणाऱ्याला उत्तम.

इथे एक गोष्ट गंभीरपणे सांगते. मुलगी खूप पळते, कमी खाते आणि तिची पाळी लांबू लागली किंवा बंदच झाली, तर चेहऱ्याची चर्चा बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जावे. शरीराला अन्न पुरत नसल्याची ती खूण असते. त्याचा पहिला फटका हाडांना बसतो. चेहरा पांढरट वाटत असेल, दम लवकर लागत असेल, तर रक्तातले लोह तपासून घ्यावे.

खरा चोर ऊन

अमेरिकेतल्या एका ट्रकचालकाचा फोटो २०१२ साली एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. वय ६९, ट्रक चालवण्याची २८ वर्षे. त्याच्या चेहऱ्याची उजवी बाजू वयाला शोभणारी होती, आणि डावी बाजू मात्र जाड सुरकुत्यांनी भरलेली. तिकडे चालक डावीकडे बसतो, म्हणजे खिडकी डाव्या हाताला. काचेतून येणाऱ्या उन्हाने हे केले होते. उन्हातल्या अतिनील किरणांपैकी 'ए' प्रकारचे किरण काचेतून आणि ढगांतूनही येतात, त्वचेत खोल जातात आणि कोलॅजेनचे धागे तोडतात. हा गृहस्थ पळत नव्हता, बसून होता!

पळणाऱ्याचे नुकसान होते ते तो तासन्‌तास उघड्यावर असतो म्हणून. ऑस्ट्रियातल्या ग्राझ इथल्या त्वचारोगतज्ज्ञांनी २१० मॅरेथॉन धावपटू आणि २१० इतर माणसे यांची त्वचा तपासली. त्याचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. धावपटूंमध्ये उन्हाचे डाग आणि संशयास्पद तीळ जास्त होते. नियमित सनस्क्रीन लावणारे जेमतेम निम्म्याहून थोडे अधिक होते.

ती गोऱ्या कातडीची माणसे. आपल्या त्वचेत मेलॅनिन जास्त, त्यामुळे सुरकुत्या उशिरा येतात आणि त्वचेच्या कर्करोगाचा धोकाही त्यांच्यापेक्षा कमी असतो. पण ऊन आपल्याकडून दुसऱ्या रूपाने वसुली करते. काळपट डाग पडतात, गालांवर आणि नाकावर वांग येतो. कन्नडमध्ये यालाच बंगु म्हणतात. बाळंतपणानंतर आलेला वांग उन्हात आणखी गडद होतो, हे अनेक बायकांना अनुभवाने माहीत आहे.

यावर उपाय चालतो, हेही सिद्ध झालेले आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये ९०३ जणांवर साडेचार वर्षे प्रयोग झाला. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेवर वय दिसण्याचे प्रमाण मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्क्यांनी कमी भरले. हा निष्कर्ष २०१३ सालचा.

नंदेसरीची हवा

आमच्या गावाचा प्रश्न उन्हापुरता नाही. वडोदऱ्याच्या वायव्येला, अहमदाबादच्या वाटेवर, मही नदीच्या अलीकडे नंदेसरी आहे. इथली जीआयडीसी म्हणजे रासायनिक कारखान्यांची वसाहत. रस्त्यावर टँकरची ये-जा, आणि काही दिवस हवेला असा वास असतो की घसा खवखवतो. बेळगावच्या कॅम्पातल्या झाडांखाली पळून मोठी झालेली मी. इथे आल्यावर आधी हवा ओळखायला शिकले.

जर्मनीतल्या रूर या औद्योगिक पट्ट्यातल्या आणि शेजारच्या ग्रामीण भागातल्या ७० ते ८० वयाच्या ४०० स्त्रियांची पाहणी २०१० साली प्रसिद्ध झाली. जिथे काजळी आणि वाहनांचा धूर जास्त, तिथे कपाळावर आणि गालांवर डागही जास्त, सुमारे २० टक्क्यांनी. म्हणजे धूर फुप्फुसात जातो तसा तो चेहऱ्यावरही आपली नोंद ठेवतो.

यात एक पेच आहे. ऊन टाळायचे तर पहाटे पळावे. पण थंडीत पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि जड असते, तिच्यावर उबदार हवेचे झाकण बसते आणि धूर वर जात नाही. डिसेंबर-जानेवारीत नंदेसरीत पहाटे धुके दिसते, त्यातले निम्मे धुके आणि निम्मा धूर. म्हणून मी थंडीत सूर्य उगवून तासभर झाल्यावर निघते, तेव्हा ऊनही कोवळे असते. उन्हाळ्यात मात्र उजाडायच्या आत. हायवे आणि कारखान्यांचा रस्ता सोडून महीच्या कोतरांकडे, शेतांमधून जाते. ज्या दिवशी वास येतो त्या दिवशी पळत नाही, घरातच व्यायाम करते. उद्यमबागेच्या किंवा हायवेच्या कडेने पळणाऱ्या बेळगावकरांनाही हाच हिशेब लागू आहे.

पळण्याने त्वचेला मिळते काय?

कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी पासष्टी ओलांडलेल्या, व्यायाम न करणाऱ्या काही जणांना आठवड्यातून दोनदा अर्धा तास, चांगला दम लागेल इतपत व्यायाम दिला. तीन महिन्यांनी त्यांच्या त्वचेचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पुष्कळ तरुण दिसले. गट लहान होता, पण त्यातली एक गोष्ट फार बोलकी आहे. नमुने शरीराच्या कायम झाकलेल्या भागातून घेतले होते, म्हणजे उन्हाचा परिणाम त्यात येऊच नये. ऊन वजा केले तर व्यायाम त्वचेला तरुण ठेवतो, असाच त्याचा अर्थ. पळताना त्वचेचा रक्तपुरवठा वाढतो, झोप चांगली लागते, रक्तातली साखर आटोक्यात राहते. या सगळ्यांचा त्वचेशी संबंध आहे.

एवढे करा

पळण्याची वेळ सावलीवरून ठरवा. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की ऊन कडक झाले, घरी या.

निघण्याआधी पंधरा-वीस मिनिटे एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त असलेले सनस्क्रीन लावा. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांवर मावेल इतके लागते. टिकलीएवढे लावून उपयोग नाही. कान आणि मानेची मागची बाजू विसरू नका. दोन तासांहून जास्त बाहेर असाल तर पुन्हा लावा.

पुढे छज्जा असलेली टोपी आणि पूर्ण बाह्यांचा, घाम लवकर वाळणारा सदरा घाला. स्कूटरवर ओढणीने तोंड गुंडाळतो तसे गुंडाळून पळू नका, श्वास कोंडतो आणि अंग तापते.

काखेत, मांड्यांना घासून सोलवटत असेल तर आधीच पेट्रोलियम जेली लावा. पळून आल्यावर ओले कपडे लगेच बदला, नाहीतर घामोळ्या आणि गजकर्ण ठरलेले.

कढत पाणी आणि भरपूर साबण टाळा. अंग टिपून झाल्यावर थोडे खोबरेल तेल, म्हणजे आपली कोब्बरी एण्णे, हातापायांना लावले की पुरे.

रापलेला रंग घालवण्यासाठी लिंबू चोळू नका. लिंबाचा रस लागलेल्या कातडीवर ऊन पडले की ती भाजते आणि काळे चट्टे उठतात.

एखादा तीळ आकार किंवा रंग बदलत असेल, जखम महिनाभर भरत नसेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

आणि सर्वांत महत्त्वाचे. पाहुणे यायचे म्हणून औषधाच्या दुकानातून गोरे करणारी ट्यूब मनाने आणू नका. अशा कित्येक मलमांत स्टेरॉइड असते. सुरुवातीला चेहरा उजळतो, पुढे कातडी पातळ पडते, लाली आणि लव येते आणि ऊन सोसेनासे होते. पळण्याने होईल अशी ज्याची भीती घातली जाते, ते खरे म्हणजे या ट्यूबने होते. वहिनींना मी हेच सांगितले. भाचीचे पळणे चालू आहे. दुपारचा सराव तेवढा पहाटेवर नेला.

आपल्या भागाला या खेळाची जुनी ओळख आहे. बेळगावचे फडेप्पा दारेप्पा चौगुले १९२० साली अँटवर्प ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये धावले आणि २ तास ५० मिनिटांत १९ वे आले. ती शर्यत ४२.७५ किलोमीटरची होती, आजच्या मॅरेथॉनपेक्षाही लांब. पुढे साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. माणसारख्या दुष्काळी मुलखात ऊन काही कमी नसते. तिथल्या कोणी रंगाचा हिशेब घालून तिला घरी बसवले असते, तर आपण एका धावपटूला मुकलो असतो.

उन्हापासून जपणे हातात आहे, त्याला टोपी, सनस्क्रीन आणि पहाटेचा गजर पुरतो. पण विशीत बंद केलेले पळणे चाळिशीत गुडघे दुखू लागल्यावर, साखर वाढल्यावर पुन्हा सुरू करणे फार जड जाते. तेव्हा घरातली मुलगी पळून आली की तिच्या रंगाकडे बघण्याआधी तिला विचारा, आज किती पळालीस? एष्टु ओडिदि?