बँडच्या गजरात निवेदन: 'चांगलं की वाईट' या प्रश्नाचं मोजमाप कसं करायचं

रिसर्च प्रपोजल लिहायला बसलं की आपला पहिला प्रश्न बहुतेक वेळा 'अमुक चांगलं आहे की वाईट' असाच असतो. गाईडचा त्यावरचा प्रश्नही ठरलेला: "बरं, पण मोजणार काय?" इथे भले भले अडकतात. म्हणून आज एक असं उदाहरण घेऊ, ज्यावर वीसेक वर्षं लोक हिरिरीने भांडतायत, आणि त्या भांडणाचा निम्मा तरी भाग मोजता येण्यासारखा आहे.

उदाहरण अमेरिकेतलं आहे. तिथे 'ड्रम कोर' नावाचा प्रकार आहे. ब्रासची वाद्यं, तालवाद्यं आणि झेंडे फिरवणारं पथक अशी दीडशेच्या आसपास तरुण मुलंमुली अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर चालत, धावत, आकृत्या करत दहा-बारा मिनिटांचा शो करतात. 'ड्रम कोर इंटरनॅशनल' या संस्थेची पहिली अजिंक्यपद स्पर्धा १९७२ साली झाली. पुढची तीस वर्षं नियम साधा होता: जे ऐकू येईल ते वाद्यातून, माइक नाही. २००४ च्या हंगामापासून ध्वनिवर्धनाला परवानगी मिळाली आणि मारिंबा, व्हायब्राफोनसमोर माइक आले. त्याच वाटेने माणसाचा आवाजही आला. शो चालू असताना एखादा सदस्य माइकवर मजकूर बोलू लागला, जिवंत, त्या क्षणी.

आणि भांडण सुरू झालं. "आम्ही ब्रास ऐकायला येतो, भाषण नाही" असं एक बाजू म्हणते. दुसरी म्हणते, शब्दांमुळे शोची गोष्ट कळते. दोन्ही बाजू मनापासून बोलतात, पण दोघांच्याही आधी एक प्रश्न येतो, जो फारसं कोणी विचारत नाही: स्टँडमध्ये पहिल्यांदाच बसलेल्या माणसाला त्यातले किती शब्द प्रत्यक्ष कळले? दहापैकी तीन कळले असतील तर 'निवेदन वाईट' हा निष्कर्ष निवेदनाबद्दलचा नाहीच. तो ऐकू न येण्याबद्दलचा आहे.

आता ऐकू का येत नाही ते पाहू.

साधं बोलणं एक मीटरवर साधारण ६० डेसिबल असतं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की सुमारे ६ डेसिबल कमी होतात. म्हणजे ३२ मीटरवर, पाच वेळा दुप्पट झाल्यावर, उरतात फक्त ३०. मागे ब्रासचा अख्खा ताफा वाजतोय. म्हणून माइक लागतो, इथपर्यंत सोपं आहे. पण 'मग आवाज वाढवा' हा उपाय वाटतो तेवढा चालत नाही. बोलण्यातली ताकद मुख्यतः स्वरांमध्ये असते, साधारण १००० हर्ट्झच्या खाली. अर्थ वेगळा करण्याचं काम मात्र व्यंजनं जास्त करतात, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांची ओळख २००० हर्ट्झच्या वरच्या अगदी क्षीण आवाजात दडलेली असते. मराठीत तर हे आणखी नाजूक आहे. 'पळ' आणि 'फळ', 'तर' आणि 'थर' यांच्यातला फरक म्हणजे हवेचा एक छोटा झोत. त्यात खालच्या पट्टीतला जोरदार आवाज वरच्या पट्टीतल्या हळू आवाजाला झाकतो. याला मास्किंग म्हणतात. त्यामुळे ट्यूबाचा घुमणारा खर्ज नेमका व्यंजनांवर जाऊन बसू शकतो. कोणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. हा अनुभव लग्नाच्या हॉलमध्ये तुम्ही घेतला असेलच.

मग तालवाद्यं जास्त त्रास देतात की ब्रास? सहज उत्तर 'तालवाद्यं' असं येतं, पण इथे गंमत आहे. मिलर आणि लिकलायडर यांनी १९५० मध्ये दाखवलं की बोलणं सेकंदाला दहाएक वेळा तोडलं, म्हणजे मध्येमध्ये गाळलं, तरी बरंचसं कळतं. दोन फटींतून दिसणाऱ्या तुकड्यांवरून मेंदू शब्द जुळवतो. सुटे ठोके अशा फटी ठेवतात. ब्रासचा लांब धरलेला, भरगच्च कॉर्ड त्या बुजवतो. मात्र स्नेअरचा सलग रोल यात धरू नका. तो जवळपास सर्व पट्ट्यांत पसरलेला अखंड गोंगाट आहे आणि 'स', 'श' त्यात सरळ विरघळतात. म्हणून 'ब्रास विरुद्ध तालवाद्यं' अशी विभागणी प्रयोगात करू नका. 'सलग विरुद्ध तुटक' अशी करा. आपल्याकडचा शाहीर पोवाड्यात गद्य सांगायला लागला की डफ-तुणतुणं मागे सरतं, ते याच व्यवहारज्ञानातून.

आता वेळेचा प्रश्न. माझ्या मते हा या विषयातला सगळ्यात सुंदर भाग आहे. ध्वनी २० अंश सेल्सिअसला सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. फुटबॉलचं मैदान जवळपास ४९ मीटर रुंद असतं. निवेदक पुढच्या कडेला उभा आहे आणि ब्रास त्याच्या मागे ४० मीटरवर. ड्रम मेजरचा हात दोघांना एकाच क्षणी दिसतो, पण ब्रासचा आवाज पुढे यायला सुमारे ११७ मिलिसेकंद लागतात. मिनिटाला १२० ठोक्यांची लय असेल तर हा जवळजवळ पाव ठोका झाला. निवेदक हात बघून बोलला तर प्रेक्षकांना तो ठोक्याच्या पुढे पळतोय असं वाटेल. म्हणून पुढच्या कडेला उभ्या असलेल्या वाद्यवृंदाची शिस्तच वेगळी असते: हाताकडे बघून नाही, मागून येणारा आवाज ऐकून वाजवायचं. निवेदकानेही तेच करायचं. मग दोन्ही आवाज एकत्रच पुढे जातात.

याच्या उलट करून बघा. निवेदकाला वायरलेस माइक दिला आणि मागच्या कडेला पाठवलं. स्पीकर पुढे आहेत. विजेच्या वेगाने त्याचा आवाज तिकडे पोचला, पण स्पीकरमधून हवेतून परत त्याच्या कानाशी यायला साधारण १४३ मिलिसेकंद लागले. स्वतःचाच आवाज उशिरा ऐकू आला की माणूस अडखळतो, शब्द ओढतो, अक्षरं दोनदा उच्चारतो. बर्नार्ड ली यांनी १९५० मध्ये याचं वर्णन केलं होतं, आणि हा त्रास २०० मिलिसेकंदांच्या आसपास सर्वाधिक असतो असं पुढच्या कामांतून दिसलं. समोरच्या स्टँडवरून परावर्तित होऊन येणारा आवाज तर आणखी उशिरा येतो, म्हणजे मैदानाची मापं त्या आकड्याच्या भोवतीच फिरतात! प्रेक्षक म्हणतात, "पाठांतर कच्चं होतं."

छप्पर असलेलं स्टेडियम ही पुढची भानगड. पथकं सराव करतात उघड्या मैदानांवर. २००९ पासून अंतिम स्पर्धा होते इंडियानापोलिसच्या ल्युकास ऑइल स्टेडियममध्ये, जिथे छप्पर बंद करता येतं. एवढ्या मोठ्या बंदिस्त जागेत आधीच्या अक्षराची शेपटी पुढच्या अक्षरावर येते. हे मोजायला 'स्पीच ट्रान्समिशन इंडेक्स' वापरतात. शून्य ते एक अशी पट्टी, ०.६ च्या वर चांगलं, ०.३ च्या खाली वाईट. म्हणजे उघड्यावर केलेली चाचणी छपराखाली लागू होत नाही, आणि तुमच्या प्रपोजलमध्ये जागा हा वेगळा घटक म्हणून आलाच पाहिजे.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला तो मुद्दा. शो बसवणारी मंडळी स्वतः स्टँडमध्ये जाऊन ऐकतात आणि म्हणतात, "सगळं स्पष्ट येतंय." ती खोटं बोलत नाहीत. त्यांना खरंच ऐकू येतं, कारण मजकूर त्यांना पाठ आहे. मिलर, हाइझ आणि लिश्टेन यांच्या १९५१ च्या प्रयोगात, निम्मं अचूक ओळखण्यासाठी गोंगाटाच्या तुलनेत बोलणं किती असावं लागतं ते मोजलं होतं. निरर्थक अक्षरांना सुमारे अधिक ३ डेसिबल लागले. वाक्यातल्या शब्दांना उणे ४ पुरले. आणि अंकांना उणे १४! शक्यता जेवढ्या कमी, तेवढा कमी आवाज पुरतो. अंक दहाच, म्हणून मेंदूला दहातलाच एक निवडायचा असतो. पाठ असलेल्या मजकुरात तर शक्यता एकच उरते. कॅरोलायना क्राउनने २०१३ साली विजेतेपद मिळवलेल्या शोमध्ये फिलिप ग्लासच्या 'आइनस्टाइन ऑन द बीच'चं संगीत होतं. त्या ऑपेरात गायकवृंद चक्क अंक म्हणतो. गोंगाटात टिकेल असा मजकूर निवडायचा असेल तर याहून सोयीचं काय असणार?

तेव्हा प्रयोग आखताना श्रोता 'कोरा' हवा. एका श्रोत्याला एक वाक्य एकदाच. दुसऱ्यांदा ऐकवलंत की तुम्ही श्रवण नाही, स्मरण मोजताय. "कळलं का?" असं विचारू नका, ऐकलेलं लिहून घ्या आणि आधी ठरवलेले मुख्य शब्द मोजा. गुण देणाऱ्याला ते वाक्य कुठल्या परिस्थितीतलं आहे हे माहीत नसावं. 'आवडलं का' हा प्रश्न जरूर ठेवा, पण वेगळ्या पानावर. सगळे शब्द कळूनही निवेदन न आवडणारे लोक निघतीलच, आणि खरा कलाविषयक वाद त्यांच्याशी आहे.

हे करून बघायला इंडियानापोलिसला जायची गरज नाही. गणेशोत्सवाआधी पुण्यात मुठेच्या काठी ढोल-ताशा पथकांचे सराव चालतात. परवानगी घेऊन दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग करा. सुटा ढोल आणि सलग ताशा वेगळे काढा. वीस साधी मराठी वाक्यं शांत खोलीत एकाच आवाजात रेकॉर्ड करा, मग ती उणे १२, उणे ६ आणि शून्य डेसिबलवर त्या गोंगाटात मिसळा. श्रोत्याला हेडफोन द्या आणि पातळी सुरक्षित ठेवा. आवाज कुठल्या दिशेने येतोय याची मदत हेडफोनवर मिळत नाही, ही मर्यादा पद्धतीच्या भागातच लिहा, शेवटी घाईघाईत नको. आणि वाक्यांच्या यादीत 'पळ-फळ'सारख्या जोड्या मुद्दाम टाका. अल्पप्राण-महाप्राणाचा घोळ इंग्रजीसाठी बनवलेल्या तयार याद्यांमध्ये तपासलाच जात नाही.