चिंबोरी व शेवंड यांची जोपासना : अडचण कोठें आहे ?

खाजणाच्या कांठीं ज्यांची जमीन आहे अशा कोंकणांतील शेतकरी बंधूंच्या मनांत चिंबोऱ्या पाळण्याचा विचार येणें साहजिक आहे. बाजारांत जिवंत, भरलेल्या चिंबोरीस भाव चांगला येतो हें खरें. परंतु या धंद्याची खरी नड जमिनींत वा पाण्यांत नसून त्या प्राण्याच्या स्वभावांत आहे, हें आम्ही प्रथमच सांगून ठेवितों.

चिंबोरीचें कवच वाढत नाहीं. अंग वाढावयाचें तर तिला जुनें कवच टाकावें लागतें, आणि नवें टणक होईपर्यंत ती मऊ व निराधार असते. नेमक्या याच वेळीं सोबतच्या चिंबोऱ्या तिला खाऊन टाकतात. म्हणून तळ्यांत लहानमोठीं जनावरें एकत्र सोडूं नयेत, दाटी करूं नये, लपावयास नळ्या व फांद्या ठेवाव्या आणि खाद्य वेळच्या वेळीं द्यावें. बांधावर जाळीचें कुंपण नसेल तर त्या चढून पळतात.

दुसरी अडचण बियाण्याची. मादी अंडीं सोडण्यास खाडींतून समुद्राकडे जाते. एका मादीस लाखों अंडीं होतात. पण अळीस अनेक अवस्थांतून जावें लागतें, व उबवणीकेंद्रांतही त्यांतील थोड्याच तगतात.

शेवंडीचें प्रकरण याहून बिकट. तिची पानासारखी चपटी अळी कित्येक महिने खुल्या समुद्रांत तरंगत राहते. त्यामुळें व्हिएतनामांतील पिंजऱ्यांतलें शेवंडपालन समुद्रांतून धरलेल्या पिलांवरच उभें राहिलें. आणि २००७ च्या सुमारास अंगांतील रस दुधाळ करणाऱ्या रोगानें तेथें मोठी हानि केली. समुद्राचा सांठा अखूट नाहीं, याचा दाखला आपल्या घराशेजारींच आहे : मुंबईच्या समुद्रांतील चपट्या शेवंडीची मासेमारी अतिरेकामुळें १९९४ पर्यंत बुडाली.

तेव्हां आमची सूचना अशी कीं, नवख्यानें पिलांपासून आरंभ न करितां, नुकतेंच कवच टाकलेल्या मोठ्या पोकळ चिंबोऱ्या घेऊन प्रत्येकीस निराळ्या खणांत ठेवावें व हलकी मासळी, शिंपले घालून भरूं द्यावें. तीन-चार आठवड्यांत त्या विकण्याजोग्या होतात व भांडवलही फार काळ अडकत नाहीं. अंड्यांवर आलेली मादी मात्र पाण्यांत परत सोडावी, आणि तळ्यासाठीं कांदळवन तोडूं नये. उद्यांचें बियाणें त्याच चिखलांत वाढत असतें; तें नाहींसें झाल्यावर तळें कितीही उत्तम बांधलें तरी त्यांत सोडावयास कांहीं उरणार नाहीं.