हाताशी नसलेल्या सर्व्हरचा कायापालट

भाड्याने घेतलेला सर्व्हर त्याच्या मालकाला बहुधा कधीच पाहायला मिळत नाही. तो फ्रँकफर्टच्या वा सिंगापूरच्या एखाद्या डेटा सेंटरमध्ये असतो आणि त्याच्याशी जोडणारा धागा एकच, तो म्हणजे एसएसएच. १९९५ साली फिनलंडमध्ये टाटू युलोनेन यांनी निर्माण केलेला हा सुरक्षित संपर्काचा मार्ग. त्याच धाग्यावरून यंत्राची ऑपरेटिंग सिस्टीम बदलणे म्हणजे बसलेल्या फांदीवरच कुऱ्हाड चालवणे होय.

डेबियन या लिनक्सचे उदाहरण घेऊ. त्याची १३वी आवृत्ती, ‘ट्रिक्सी’, ९ ऑगस्ट २०२५ रोजी आली. बाराव्या आवृत्तीवरून तिच्यावर जाताना शेकडो पॅकेजेस बदलतात, त्यात एसएसएचही आलेच. मध्येच घरची वीज गेली तर काम अर्धवट अडकते. म्हणून जाणकार ते ‘स्क्रीन’ किंवा ‘टीमक्स’च्या आत चालवतात, संपर्क तुटला तरी काम सर्व्हरवर सुरूच राहते. उबुंटूचे नूतनीकरण तर एसएसएचवरून सुरू केल्यास खबरदारी म्हणून १०२२ क्रमांकाच्या पोर्टवर दुसरे एसएसएच उभे करते. अर्थात, फायरवॉलने ते पोर्ट अडवले असेल तर हा मागचा दरवाजा असून नसल्यासारखाच.

खरी कसोटी यंत्र रीबूट करताना लागते. तोवर जुनेच कर्नल चालू असल्याने सारे आलबेल दिसते. नवे कर्नल कोलमडले तर? ‘ग्रब’ला आधीच सांगून ठेवता येते, की नवे कर्नल फक्त एकदाच वापर. कर्नल कोलमडताच दहा सेकंदांनी आपोआप रीबूट हो, अशी सूचनाही जोडता येते. मग पुढच्या खेपेस जुने कर्नल परततो आणि मालकाचा जीव भांड्यात पडतो.

परंतु कर्नल उत्तम चालले आणि नेटवर्क कार्डाचे नावच बदलले, तर ही युक्ती फुकट जाते. काल ‘ईटीएच०’ म्हणवणारे कार्ड आज ‘ईएनपी३एस०’ झाले, की जुन्या नावाने लिहिलेली मांडणी निरर्थक. यंत्र ठणठणीत, पण मुके! तेव्हा उपयोगी पडतो तो आयपीएमआय, म्हणजे १९९८ साली ठरलेला मानदंड. त्यानुसार मदरबोर्डवरची स्वतंत्र चिप ऑपरेटिंग सिस्टीम बंद असतानाही दूरवरून यंत्र बंद-चालू करू देते; नव्या यंत्रांत कन्सोलही दाखवते. ही सोय भाड्यात आहे का, हे सर्व्हर घेतानाच विचारावे. स्वस्त योजनांत ती अनेकदा नसते आणि मग रात्री दोन वाजता डेटा सेंटरमधल्या कर्मचाऱ्याच्या उत्तराची वाट पाहत बसावे लागते.