फ्लाय ॲशयुक्त काँक्रीटचे सामर्थ्य : घटक आणि क्युरिंग

काँक्रीट पर्यावरणस्नेही करणे म्हणजे मुख्यत्वे त्यातील सिमेंट कमी करणे होय. एक टन क्लिंकर तयार होताना केवळ चुनखडीच्या विघटनातून सुमारे अर्धा टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. भट्टीतील इंधनाचा वाटा वेगळाच. म्हणून सिमेंटच्या काही भागाऐवजी औष्णिक वीज केंद्रातील फ्लाय ॲश वापरली जाते. भारतीय मानक १४८९ नुसार पोझोलाना सिमेंटमध्ये ती १५ ते ३५ टक्के असते. तथापि 'राख मिसळली म्हणून काँक्रीट कच्चे राहिले' ही तक्रार बांधकामावर अनेकदा ऐकू येते. तिच्यात तथ्य कितपत आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सिमेंट व पाणी यांच्या अभिक्रियेत सामर्थ्य देणाऱ्या जेलबरोबरच कॅल्शियम हायड्रॉक्साइड निर्माण होते. त्याचे स्वतःचे सामर्थ्य नगण्य असते. राखेतील सिलिका त्याच्याशी संयोग पावून आणखी जेल तयार करते. ही दुसरी अभिक्रिया मंद असून ओलाव्याविना थांबते. त्यामुळे राखयुक्त काँक्रीट सात दिवसांनी मागे असते, २८ दिवसांच्या सुमारास साध्या काँक्रीटच्या जवळ येते आणि ओले राखल्यास ९० दिवसांनी बहुधा पुढे जाते.

राखेचा दर्जा अर्थातच महत्त्वाचा आहे. भारतीय मानक ३८१२ नुसार तिचे विशिष्ट पृष्ठफळ किलोग्रॅमला किमान ३२० चौरस मीटर हवे. बारीक, गोलाकार कणांमुळे मिश्रण कमी पाण्यात सुकर होते. न जळलेला कार्बन जास्त असल्यास उलट घडते.

परंतु खरी गफलत क्युरिंगमध्ये, म्हणजे बोलीभाषेतील 'पाणी मारण्यात' होते. भारतीय मानक ४५६ : २००० नुसार साध्या सिमेंटसाठी किमान ७ आणि मिश्र सिमेंटसाठी किमान १० दिवस पृष्ठभाग सतत ओला हवा, मिश्र सिमेंटसाठी हा कालावधी १४ दिवसांपर्यंत वाढवण्याची शिफारसही आहे. येथे 'सतत' हा शब्द महत्त्वाचा. सकाळ-संध्याकाळ पाइपने पाणी मारल्यास दुपारच्या उन्हात पृष्ठभाग सुकतो. स्लॅबवर वाफे बांधता येतात. कॉलमला मात्र गोणपाट गुंडाळून ते ओले ठेवण्यावाचून गत्यंतर नसते.

प्रयोगशाळेतील क्यूब २७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात बुडालेला असतो. तो उत्तीर्ण होतो. कॉलम त्या पाण्यात कधीच नसतो. सर्वांत आधी सुकते ते सळईवरील आवरण. राखेने कॅल्शियम हायड्रॉक्साइड आधीच खर्च केलेले असल्याने अशा सच्छिद्र आवरणात कार्बोनेशन लवकर आत शिरते व सळई गंजते. दोष राखेवर येतो.

पाण्याची ही अट मराठवाड्यात विशेष जाचक आहे. परळीचे वीज केंद्र २०१५ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणले गेले. अशा ठिकाणी पृष्ठभागावर क्युरिंग कंपाउंड फवारणे किंवा प्लॅस्टिकच्या कागदाने बाष्पीभवन रोखणे, हे टँकरच्या अपुऱ्या पाण्यापेक्षा श्रेयस्कर ठरते.

हा फरक अभियांत्रिकी महाविद्यालयात सहज दाखवता येतो. एकाच मिश्रणाचे २७ क्यूब घालावेत : ९ टाकीत, ९ ओल्या गोणपाटाखाली, ९ उघड्यावर. प्रत्येक गटातील तीन-तीन क्यूब ७, २८ व ९० दिवसांनी फोडावेत. सत्राच्या आरंभीच क्यूब घातले, तर शेवटचे आकडे परीक्षेपूर्वी हाती येतात.