गाड्या इतक्या रागावल्या का?

१९६६ च्या जिनिव्हा प्रदर्शनात लॅम्बोर्गिनी मिउरा झळकली, तेव्हा तिचे रूप रेखाटणारे मार्चेल्लो गांदिनी अवघे २७ वर्षांचे होते. एका ओघात उतरलेली गाडी. दिव्यांभोवती चक्क पापण्या!

आजची स्पोर्ट्स कार पाहा. बारीक केलेले डोळे, वासलेला जबडा. जणू कोणावर तरी डाफरते आहे. कबूल, इंजिन थंड राखायला झरोके हवेत, वेगात गाडी जमिनीला धरून राहावी म्हणून पंख हवेत. पण २०२० साली गॉर्डन मरे यांनी टी.५० च्या पाठीला ४० सेंटिमीटरचा पंखा बसवून गाडीखालची हवा ओढून घेतली आणि अंग नितळ ठेवले. म्हणजे हा रागीटपणा थोडा गरजेचा, पुष्कळसा हौसेचा. मिउराही सुसाटच होती. तिला दात दाखवावे लागले नाहीत.