परसातील औषधी झाडे : उपयोग किती आणि हद्द कुठे



लावणीचे दिवस असोत की तोडणीचे, ऊस उत्पादकाच्या घरात कुणाचा खोकला, कुणाची कंबर, कुणाचे पोट हे चालूच असते. दर वेळी दवाखाना गाठणे होत नाही. मग घरातली जाणती बाई परसात जाते, चार पाने खुडते आणि चुलीवर काढा चढतो. ही रीत चांगलीच आहे. परंतु कोणत्या पाल्याने काय होते आणि कोणत्या दुखण्यात पाल्याच्या नादी लागू नये, या दोन्ही गोष्टी माहीत असल्या तरच तिचा फायदा होतो. म्हणून हा लेख.

पुण्याच्या पेठांतल्या जुन्या वाड्यांत चौकात तुळशीवृंदावन, मागच्या अंगणात पारिजातक आणि मोरीच्या पाण्यावर अळू व गवती चहा असे. वाडे पाडून इमारती झाल्या, अंगणे गेली. आता पुणेकर गवती चहाची जुडी महात्मा फुले मंडईतून विकत आणतात. आपल्याकडे विहिरीचा कट्टा आहे, मोरीचे पाणी आहे, बांध आहे. एक गुंठासुद्धा नको, दहा बाय दहा फुटांत ही सगळी झाडे बसतात.

हळदीचा खटला

घरच्या औषधांना कोण विचारतो, असे कुणी म्हणेल. त्यांनी हळदीचे प्रकरण ऐकावे. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला ‘जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर’ या गोष्टीचे पेटंट मिळाले. म्हणजे आपल्या आज्यांना ठाऊक असलेली गोष्ट नवा शोध ठरली! त्याच वर्षी डॉ. रघुनाथ माशेलकर पुण्याच्या पाषाण येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालकपद सोडून दिल्लीला वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक झाले. परिषदेने १९९६ मध्ये या पेटंटला हरकत घेतली, जुने संस्कृत ग्रंथ आणि छापील शोधनिबंध असे ३२ पुरावे दिले आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले. कडुनिंबावरचे असेच एक पेटंट युरोपात २००० साली रद्द झाले आणि २००५ मध्ये अपिलातही तोच निकाल कायम राहिला.

यात शिकण्यासारखे हे, की खटला नुसत्या ‘आमची आजी सांगायची’ यावर जिंकला नाही. लेखी पुरावा लागला. परसातल्या झाडांकडेही आपण याच नजरेने पाहावे. जे पडताळून पाहिले आहे ते घ्यावे आणि ऐकीव आहे ते जपून घ्यावे.

कोणते झाड कशाला

*अडुळसा* – कुंपणाला लावा, जनावरे सहसा तोंड लावीत नाहीत. कफाच्या खोकल्यावर तीन-चार पाने, आल्याचा तुकडा आणि गुळाचा खडा घालून दोन कप पाणी एक कप होईपर्यंत उकळावे. दोन वेळा घ्यावे. यातील व्हॅसिसिन या द्रव्याच्या अभ्यासातूनच ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारे औषध निघाले. औषधाच्या दुकानातील कितीतरी खोकल्याच्या बाटल्यांत ते असते. मात्र गरोदर बाईला अडुळसा देऊ नये, त्याने गर्भाशय आकुंचन पावते.

*तुळस, गवती चहा, आले* – सर्दी-पडशात या तिघांचा चहा घशाला बरा वाटतो. रोग लवकर जातो असे नाही, पण आराम पडतो आणि गरम पाणी पोटात जाते. गवती चहाची दोन-तीन पाती पुरे.

*पानाचा ओवा* – कुंडीतही येतो. जेवण जड झाले, पोट फुगले तर एक पान मिठाबरोबर चावून खावे. पावसाळ्यात याची भजी करतात, ती औषध म्हणून नव्हे, चवीसाठी!

*कोरफड* – पान कापून थोडा वेळ उभे ठेवावे, म्हणजे पिवळा चीक गळून जातो. हा चीक जुलाब करतो. आतला पांढरा गर किरकोळ भाजल्यावर लावावा; त्याआधी भाजलेला भाग वीस मिनिटे वाहत्या थंड पाण्याखाली धरावा. मोठे भाजले असेल, फोड आले असतील, तोंडाला किंवा हाताच्या पंजाला भाजले असेल तर काहीही न लावता स्वच्छ ओल्या फडक्याने झाकून दवाखान्यात न्यावे.

*निर्गुडी* – ओढ्याकाठी, बांधावर सापडते. पाला तव्यावर गरम करून फडक्यात बांधून शेकावे. दिवसभर मोळ्या वाहून खांदे आणि कंबर धरली असेल तर बरे वाटते.

*कडुनिंब* – पाला सावलीत वाळवून धान्याच्या कणगीत थरावर थर घातला तर किडीला आळा बसतो. धान्य मात्र आधी कडक वाळलेले हवे. कडुनिंबाचे तेल लहान मुलाच्या पोटात कधीही देऊ नये, त्याने झटके येऊन मुले दगावल्याची उदाहरणे आहेत.

*माका, जास्वंद* – खोबरेल तेलात मंद आचेवर कढवून, पाण्याचा अंश गेला की गाळून ठेवावे. डोक्याला लावायला उत्तम.

*गुळवेल* – करोनाच्या साथीत, २०२० व २०२१ मध्ये, घरोघरी हिचा काढा झाला. पुढे काही रुग्णांच्या यकृताला त्रास झाल्याचे मुंबईच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला आणि गुळवेलीसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीकडे बोट दाखवले. वाद तज्ज्ञांचा आहे, पण आपल्यापुरता बोध सरळ आहे. वैद्याला विचारल्याशिवाय महिनोन् महिने काढा घेऊ नये, कावीळ होऊन गेलेल्याने तर नाहीच, आणि वेल ओळखीची असल्याची खात्री करावी.

*वेखंड* – सर्दीत अंगाला वास म्हणून लावतात तेवढे ठीक. बाळगुटीत उगाळून पोटात देणे टाळावे. यातील एका द्रव्याने प्राण्यांत गाठी झाल्याचे दिसल्यावरून अमेरिकेने १९६८ मध्ये खाण्याच्या पदार्थांत वेखंड घालण्यास बंदी केली. एक वर्षाच्या आतील बाळाला मधही चाटवू नये, कारण मधातील जंतूंमुळे लुळेपणाचा आजार होऊ शकतो.

पाला कुठला खुडता ?

ऊस उत्पादकांनी हा मुद्दा विशेष ध्यानात ठेवावा. माका, पुनर्नवा, भुईआवळी ही झाडे आपल्या उसाच्या सरीतच उगवतात. आणि त्याच सरीत आपण ॲट्राझीन, टू-फोर-डी ही तणनाशके मारतो. फवारणीनंतर पाला लगेच करपत नाही, वरून हिरवागार दिसतो. तो खुडून काढा केला तर औषधाबरोबर विषही पोटात जाते. तेव्हा फवारलेल्या रानातला, त्याच्या बांधावरचा किंवा पाटाच्या कडेचा पाला औषधाला घेऊ नये. औषधी झाडे घरामागे वेगळी लावावीत. त्यांना औषधाच्या रिकाम्या डब्याने पाणी घालू नये, आणि फवारणीचा पंप धुतलेले पाणी तिकडे सोडू नये.

झाडाची ओळख पटत नसेल तर अंदाज करू नये. साखर संकुलाच्या किंवा इतर कामाने पुण्याला जाणे होतेच. तेथे कोरेगाव रस्त्यावर भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे १९५५ साली सुरू झालेले पश्चिम विभागाचे केंद्र आहे, आणि आघारकर संशोधन संस्थेत जुना वनस्पतिसंग्रह आहे. फूल आणि पाने असलेली फांदी कागदात दाबून न्यावी. औषधाबद्दल विचारायचे तर रास्ता पेठेत टिळक आयुर्वेद महाविद्यालय आहे. मोबाईलवर आलेल्या फोटोवरून झाड ओळखून पोटात घेणे हा मात्र धोक्याचा व्यवहार.

येथे पाला चालत नाही

*सर्पदंश* – उसाच्या फडात नाग, घोणस, मण्यार यांची गाठ पडतेच. कुणाला साप चावला की अजूनही कडुनिंबाचा पाला चावायला देतात आणि कडू लागला तर विष नाही म्हणतात. ही परीक्षा खोटी आहे. मण्यार तर रात्री झोपेत चावते, सूज नाही, आग नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, जीभ अडखळते. अशा वेळी घरगुती उपाय करीत बसलात तर श्वास बंद पडतो. चिरू नये, आवळून बांधू नये, काही लावू नये. चावलेला हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवावा, माणसाला चालू देऊ नये, १०८ ला फोन करावा आणि प्रतिविषाची लस असलेले सरकारी रुग्णालय गाठावे.

*विंचू* – तांबड्या विंचवाने पूर्वी कितीतरी मुले जात. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९७६ पासून महाडच्या भागात असे रुग्ण तपासले आणि प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीने त्यांचे प्राण वाचतात हे दाखवून दिले. या कामासाठी त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. घाम, उलट्या, हातपाय गार पडणे ही लक्षणे दिसली की पाला वाटीत बसू नका, दवाखाना गाठा.

*कोयत्याचा घाव* – साध्या खरचटण्याला हळद चालेल. खोल घावात हळद, माती, तंबाखू भरू नये. स्वच्छ पाण्याने धुवावे, फडके दाबून धरावे आणि धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे.

*साखरेचा आजार आणि रक्तदाब* – कडुनिंबाच्या रसावर भरवसा ठेवून चालू गोळ्या बंद करू नयेत. काढा घेत असाल तर डॉक्टरांना तसे सांगावे.

*हगवण* – पोराला जुलाब झाले की घातक असते ती पाण्याची तूट. यावरचे औषध आपल्या कारखान्यातच तयार होते! एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ (चमचा चहाचा) घालावे आणि घोट-घोट पाजत राहावे. साखर व मीठ मोजूनच घ्यावे. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाच्या पाण्यानेच पटकीचे हजारो रुग्ण वाचवले. पोर सुस्त पडले, डोळे खोल गेले किंवा शौचात रक्त दिसले तर थांबू नये.

थोडक्यात सांगायचे तर साधी सर्दी, कफ, पोट जड होणे, अंगदुखी, किरकोळ भाजणे एवढी परसातल्या झाडांची हद्द. तीन दिवसांत उतार पडला नाही, ताप चढला, धाप लागली की हद्द संपली असे समजावे. शेताच्या बांधाबाबत आपण जेवढे काटेकोर असतो, तेवढे याही हद्दीबाबत असावे.

सभासदांनी या पावसाळ्यात घरामागे अडुळसा, तुळस, गवती चहा, पानाचा ओवा व कोरफड ही पाच झाडे अवश्य लावावीत. हा लेख घरातील महिलांना वाचून दाखवावा आणि जवळच्या सरकारी रुग्णालयाचा फोन नंबर दाराच्या मागे लिहून ठेवावा, ही विनंती.