एका केबलमध्ये सोळा आवाज

वेंडी कार्लोस यांचा ‘स्विच्ड-ऑन बाख’ हा १९६८चा अल्बम ऐकताना बाखच्या अनेक सुरावटी मूग सिंथेसायझरवर एकदमच चालल्या आहेत असे वाटते. प्रत्यक्षात ते यंत्र एका वेळी एकच स्वर काढी. कार्लोस यांनी प्रत्येक सुरावट वेगळी वाजवली आणि आठ ट्रॅकच्या टेपवर थरावर थर चढवले. कीबोर्डकडून स्वर निर्माण करणाऱ्या ऑसिलेटरकडे एकच व्होल्टेज जाई. ते एका व्होल्टने वाढले की स्वर सप्तकभर चढे. एका व्होल्टेजात दोन स्वर मावणार तरी कसे?

टॉम ओबरहाइम यांनी १९७५च्या सुमारास चार पूर्ण सिंथेसायझर एका कीबोर्डला जोडले. १९७८ साली डेव्ह स्मिथ यांच्या प्रोफेट-५ने पाच आवाजांचा कारभार मायक्रोप्रोसेसरकडे सोपवला. दाबलेली पट्टी कोणत्या आवाजाच्या वाट्याला जाणार, हे आता एका डिजिटल सर्किटने ठरवायचे होते. माझ्या मते बहुस्वराचे मर्म या वाटपात आहे. आवाज किती, हा प्रश्न त्यामानाने सोपा.

अँड्र्यू बेल्ट यांच्या ‘व्हीसीव्ही रॅक’ या मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमध्ये हे वाटप उघड्यावर मांडलेले दिसते. ते २०१७ मध्ये आले. तेव्हा चार स्वर हवे असतील तर ऑसिलेटर, फिल्टर, स्वराचा चढउतार ठरवणारा एन्व्हलप सगळेच चार-चार मांडावे लागत आणि पडदा केबलींच्या गुंत्याने भरून जाई. २०१९च्या पहिल्या पूर्ण आवृत्तीने एकाच केबलमधून सोळापर्यंत वाहिन्या नेण्याची सोय केली. अशी केबल पडद्यावर जाड दिसते. ऑसिलेटर एकच मांडायचा, आतून तो प्रत्येक वाहिनीसाठी वेगळा चालतो. प्रोसेसर एका फटक्यात चार आकड्यांवर काम करू शकतो, म्हणून चार आवाजांचा भार चौपट होत नाही.

वाटपाच्या पद्धती कीबोर्डच्या मॉड्यूलमध्ये निवडता येतात, आणि त्यांतला फरक कानाला कळतो तो तानपुऱ्यावर. चार वाहिन्या ठेवा, एन्व्हलपचा शेवट लांबवा आणि प, सा, सा, खर्ज असे स्वर पट्टी सोडत सोडत एकामागून एक वाजवा. ‘रिसेट’ पद्धत सर्वांत खालची मोकळी वाहिनी घेते. त्यामुळे चारही स्वर पहिल्याच वाहिनीवर पडतात आणि प्रत्येक नवा स्वर आधीच्याची आस तोडतो. ‘रीयूज’मध्ये तोच स्वर आपल्या जुन्या वाहिनीवर परततो, म्हणजे दोन सांच्या जोडीची दुसरी तार पहिलीला गिळते. ‘रोटेट’मध्ये मात्र वाहिन्या क्रमाने फिरतात आणि दर आवर्तनाला प्रत्येक स्वर आपापल्या तारेवर येतो. तानपुऱ्याला हवी ती हीच.

वाहिन्या अशा ठरल्या की जोडीही जुळवता येते. केबल फोडून तिसऱ्या वाहिनीच्या स्वराचे व्होल्टेज सुमारे पाच मिलिव्होल्टने वाढवायचे आणि केबल पुन्हा एक करायची. काळी एकच्या १३८.६ हर्ट्झच्या षड्जात त्यामुळे अर्ध्या हर्ट्झचा फरक पडतो. दोन्ही तारा एकत्र आल्या की दर दोन सेकंदांनी नाद फुगतो आणि ओसरतो.

जवारी एवढ्याने येत नाही. घोडीवरल्या दोऱ्यामुळे तारेतले वरचे स्वरांश एकामागून एक उमलत जातात. त्याच्या जवळ जायचे तर एन्व्हलपने फिल्टर हलवत न्यावा लागतो, आणि दर तारेचा फिल्टर तिच्या छेडीबरोबरच सुरू व्हावा लागतो. जाड केबलमुळे ती जुळणी एकदाच करायची; प्रत्येक तारेला आपला स्वतंत्र फिल्टर आपोआप मिळतो.